लहान खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मासे कसे निवडावेत

खाऱ्या पाण्याचा टँक लावताना सगळा विचार यंत्रांचा होतो. स्किमर कुठला, लाइट किती वॉटचा, वेव्हमेकर डावीकडे की उजवीकडे. मासे मात्र दुकानात उभ्या उभ्या रंग बघून उचलले जातात, आणि लहान टँक हातचा जातो तो बहुतेक वेळा इथेच. पाणी खराब झालं तर बदलता येतं, तापमान खाली आणता येतं. दोन फुटांच्या काचेत एकमेकांशी न पटणारे दोन मासे कोंडले, तर त्यावर कुठलंही यंत्र बाजारात मिळत नाही.

लहान म्हणजे इथे २४ × १५ × १५ इंचांचा टँक धरला आहे. काठोकाठ भरला तर त्यात सुमारे ८८ लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की खरं पाणी ७० लिटरच्या आसपास उरतं. गोड्या पाण्यात चालणारा ‘इतक्या इंचांना इतकं पाणी’ हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. प्रवाळाच्या आसऱ्याने राहणारे बहुतेक लहान मासे कपार धरून राहतात आणि ती राखतात. समुद्रात हरलेला मासा पाच-सात मीटर लांब पळून सुटतो. टँकमध्ये तो पळून पळून साठ सेंटिमीटर पळतो आणि पुन्हा जिंकलेल्याच्याच समोर येतो. म्हणून लिटर मोजण्याआधी कपारी मोजा. दगड एका भिंतीसारखे न रचता दोन वेगळ्या ढिगांत रचा, मध्ये थोडी वाळू मोकळी ठेवा, म्हणजे एका ढिगातला मासा दुसऱ्या ढिगातल्याला सतत दिसत नाही. माशांच्या संख्येपेक्षा दोन-तीन बिळं जास्तच असू द्या. एवढ्या टँकला चार मासे पुरे. पाचवा घ्यायचाच असेल तर तो बोटाच्या दोन पेरांएवढा असावा.

यादी करताना प्रत्येक माशाला चार प्रश्न विचारा: पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, कुठल्या थरात राहतो, काय खातो आणि स्वतःसारख्या दिसणाऱ्याशी कसा वागतो. तळ, दगड आणि मधलं पाणी असे तीन थर धरले, तर एका थरावर हक्क सांगणारा शक्यतो एकच मासा किंवा एकच जोडी असावी. आकार आणि ठेवण सारखी असलेले दोन मासे, जात वेगळी असली तरी, भांडतात.

आधी टँक, मग मासा

मासे न घालताच टँक सायकल करा, म्हणजे माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी तयार होऊ द्या. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) न्यायचा आणि बॅक्टेरिया वाढायची वाट पाहायची. पुन्हा २ पीपीएम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ‘दोन डॅमसेल सोडा, ते मरत नाहीत, सायकल होऊन जाईल’ असा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. ते मरत नाहीत, हीच अडचण आहे. महिनाभर रिकाम्या टँकमध्ये राहिलेला डॅमसेल सगळा टँक आपलाच समजतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला झोडपतो. तीन पट्ट्यांचा डॅसिलस आणि काळ्यावर पांढरे ठिपके असलेला डॉमिनो हे त्यातले पक्के दादा. डॉमिनो तर १३ सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

पाण्याचं थोडक्यात. घरच्या प्युरिफायरचं पाणी वापरणार असाल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. बहुतेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं आणि टीडीएस ५० ते १०० निघतो. आपल्याला तो शून्याच्या जवळ हवा. समुद्राएवढ्या १.०२५ घनतेसाठी लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट लागतं, म्हणजे ७० लिटरला सुमारे अडीच किलो. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणण्याचा मोह टाळा. काठालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता कोसळते.

दगडांबद्दल एक कायद्याची गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ आहेत. प्रवाळाचा तुकडा ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला तरी तो प्रवाळच. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड घ्या, बॅक्टेरिया त्यांवरही तितकेच छान वाढतात. समुद्रघोडा, पाइपफिश आणि समुद्रकाकडी यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दुकानदाराने मागच्या खोलीतून आणून दाखवले तरी घ्यायचे नाहीत.

कोण चालेल

क्लाउनफिशपासून सुरुवात करू, कारण मागणी त्यालाच. ‘निमो’ या एका नावाखाली दुकानात निदान चार वेगवेगळे मासे मिळतात आणि लहान टँकला त्यांतला एकच बरा: ऑसेलॅरिस. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे. मादी ८-९ सेंटिमीटरवर थांबते, नर त्याहून लहान. टोमॅटो क्लाउन १२-१४ सेंटिमीटर होतो आणि तापट असतो. मरून क्लाउनच्या गालावर काटा असतो, मादी १५ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि स्वच्छता करताना तुमच्या हातालाही चावते. आपल्याकडच्या समुद्रातून पकडलेले सेबे आणि क्लार्की स्वस्त मिळतात, पण तेही या टँकला मोठेच.

सगळे क्लाउनफिश जन्मतः नर होऊ शकणारे असतात आणि जोडीत जो मोठा तो मादी होतो. त्यामुळे नर-मादी शोधत बसायची गरज नाही. एक मोठा आणि एक स्पष्ट लहान, दोन्ही कोवळे, असे एकाच वेळी घ्या. पहिल्या दिवसांत लहान मासा मोठ्यासमोर एका कुशीवर कलतो आणि अंगभर थरथरतो. तो आजारी नाही, शरण आला आहे. ही थरथर दिसली की जोडी जमली समजा. तशी न दिसता दोघेही तोंडाला तोंड लावून ओढाताण करत असतील, तर बहुधा दोन्ही माद्या आहेत, एक परत करा. तिसरा क्लाउन कधीच घालू नका, जोडी त्याला मारते. अॅनिमोनची (क्लाउन ज्यात राहतो त्या समुद्रफुलाची) गरज नाही. उलट नवख्या टँकमध्ये तो मरतो आणि मरताना पाणी नासवतो.

शक्यतो पैदास केंद्रातले पिल्लू मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाउनफिशची पैदास तंत्रासह बसवली आहे आणि आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती होते. असा मासा पहिल्या दिवसापासून दाणा खातो आणि समुद्रातून परजीवी घेऊन येत नाही. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी तोच घ्यावा.

तळासाठी यलो वॉचमन गोबी. ८ ते १० सेंटिमीटर, दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसून राहणारा. त्याच्यासोबत पिस्तुल कोळंबी मिळाली तर दोघे एकाच बिळात राहतात: कोळंबी खणते, गोबी पहारा देतो आणि कोळंबीची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. वाळू निदान ४-५ सेंटिमीटर हवी आणि तिच्यात थोडी जाड खडी मिसळलेली हवी, म्हणजे बीळ ढासळत नाही. दगड मात्र वाळूवर न ठेवता थेट तळकाचेवर बसवा. नाहीतर कोळंबी खालून पोखरते आणि रात्रीत ढीग कोसळतो, कधी गोबीवर, कधी काचेवर.

दगडांच्या थरात टेलस्पॉट ब्लेनी, सुमारे ६ सेंटिमीटरचा. शेवाळाचा पातळ थर खरवडून खातो, शिवाय नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावला तर तोही. त्याच्याऐवजी बऱ्याचदा लॉनमोअर ब्लेनी पुढे केला जातो. तो १३ सेंटिमीटरचा आहे, महिन्याभरात टँकमधलं शेवाळ संपवतो आणि मग उपाशी मरतो.

मधल्या पाण्यात फायरफिश किंवा बांगाई कार्डिनल, दोघांपैकी एकच. फायरफिश एकटाच घ्या. दोन घेतले आणि जोडी नसली तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो. तो घाबरला की सरळ वर उडी मारतो, आणि बोटभर फट त्याला पुरते. काचेचं झाकण उन्हाळ्यात उष्णता कोंडतं, म्हणून खिडक्यांना जाळी लावणाऱ्याकडून टँकच्या मापाची फ्रेम करून घ्या. जाळी नायलॉनची असावी, धातूची खाऱ्या वाफेने गंजते. बांगाई कार्डिनल इंडोनेशियातल्या थोड्या बेटांपुरताच राहतो आणि समुद्रात त्याची संख्या धोक्यात आहे, त्यामुळे इथेही पैदास केलेलाच मागा. शांत मासा, ८ सेंटिमीटर. पाच-सहा एकत्र घेतले तर मोठे झाल्यावर त्यांतली एक जोडी उरलेल्यांना संपवते.

रॉयल ग्रामा उत्तम, पण कॅरिबियनमधून येत असल्याने महाग पडतो आणि त्याच्या नावावर दुसराच मासा गळ्यात मारला जातो. दोघेही पुढे जांभळे, मागे पिवळे. नीट बघा: ग्रामामध्ये जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरघळत जातो, डोळ्यातून एक गडद रेघ जाते आणि पाठीच्या पराच्या सुरुवातीला काळा ठिपका असतो. रंगांची सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल, पराला ठिपका नसेल, तर तो रॉयल डॉटीबॅक. आकाराने लहान, पण या टँकमध्ये सोडला तर बाकी कोणाला सुखाने जेवू देत नाही.

टँक ४०-५० लिटरचा असेल तर क्लाउनची जोडीही घेऊ नका. निऑन गोबी ५ सेंटिमीटरचे, क्लाउन गोबी त्याहून लहान. दोन निऑन आणि एक क्लाउन गोबी एवढ्यावर थांबा.

कोण नको

ब्लू टँग, म्हणजे ज्याला सगळे ‘डोरी’ म्हणतात, तो ३० सेंटिमीटरचा होतो. दुकानात तो पाच सेंटिमीटरचा असतो एवढंच. पावडर ब्लू टँग, लायनफिश, फुलपाखरू मासे आणि मूरिश आयडॉल यांवर वेळच घालवायला नको. बॉक्सफिश आणि काउफिश गोंडस दिसतात, पण घाबरले किंवा मेले तर अंगातून विष सोडतात आणि ७० लिटरमध्ये ते सगळ्यांना पुरून उरतं.

फसवणारे मासे वेगळेच, कारण ते आकाराने लहान असतात. मँडरिन ८ सेंटिमीटरचा आणि अत्यंत शांत, पण तो दिवसभर दगडांवरचे जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपत जगतो. एवढ्या टँकमधले कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात. क्लीनर रॅस स्वस्त मिळतो आणि इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. तुमच्या निरोगी चार माशांवर त्याला खायला काय मिळणार? ग्रीन क्रोमिस थव्याने राहतो असं सांगून सहा गळ्यात मारले जातात. लहान टँकमध्ये ते एकेक करून कमी होतात आणि शेवटी सर्वांत मोठा एकटा उरतो. सिक्सलाइन रॅस टिकाऊ आहे, मात्र एकदा स्थिरावला की नवीन मासा आत येऊ देत नाही. त्याला घ्यायचंच असेल तर सगळ्यांत शेवटी, आणि फायरफिशबरोबर कधीच नाही.

दुकानात काय बघायचं

मासा बघायला गेलात तर निदान दहा मिनिटं नुसतं उभं राहा. आधी दुकानदाराला दाणे टाकायला सांगा. खाणारा मासा हवा, ‘घरी गेल्यावर खाईल’ हे आश्वासन नको. मग समोरून बघा: डोक्यामागची पाठ दोन्ही बाजूंनी आत चिमटल्यासारखी दिसत असेल किंवा पोट खपाटीला गेलं असेल तर तो आठवड्यांपासून उपाशी आहे, आणि तिथून परतणं अवघड असतं. कल्ल्यांची उघडझाप त्याच टँकमधल्या इतरांपेक्षा जलद असेल तर नको. अंगावर मिठाच्या खड्यांसारखे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरियन हा परजीवी. पिठाची भुकटी उडवल्यासारखा बारीक थर म्हणजे व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी, तो दोन-तीन दिवसांत मासा मारतो. क्लाउनच्या अंगावर पांढरट बुळबुळीत साल सुटत असेल तर ब्रुक्लिनेला, तोही परजीवीच. एक मासा असा दिसला तरी त्या टँकमधला, आणि तेच पाणी फिरत असेल तर त्या रांगेतला कुठलाच मासा घेऊ नका. कालच उतरलेला मालही नको. पसंत पडला तर आगाऊ पैसे देऊन आठवडाभर तिथेच राहू द्या. पकडताना सायनाइड वापरलेला मासा वरून धडधाकट दिसतो, खातोही आणि काही दिवसांत कारण न कळता मरतो. आठवडाभर थांबलात तर तो धोका बराच टळतो.

निघण्यापूर्वी त्यांच्या टँकमधल्या पाण्याची घनता विचारा, किंवा ती मोजायचा स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर न्या. मीठ वाचवायला आणि परजीवी दबून राहावेत म्हणून बरीच दुकानं १.०१८ ते १.०२० वर चालतात. असा मासा थेट १.०२५ मध्ये टाकला तर त्या दिवशी काही दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी तो तळाला पडतो आणि दोष टँकला जातो. जास्त खाऱ्यातून कमी खाऱ्यात गेलेलं माशाला सोसतं, उलटं सोसत नाही.

क्वारंटाइन

३०-४० लिटरचा साधा टँक, तळ रिकामा, आत पीव्हीसी पाइपचे दोन-चार एल्बो लपायला आणि एक स्पंज फिल्टर. हा स्पंज आधी तीन-चार आठवडे मुख्य टँकमध्ये ठेवून मुरवलेला हवा, नाहीतर अमोनिया चढतो. पाणी दुकानाच्या घनतेचं करून ठेवा आणि नंतर रोज ०.००२ ने वाढवत १.०२५ वर आणा.

पिशवी बंद असतानाच २० मिनिटं तरंगत ठेवा. लांबून कुरियरने आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडण्याची पद्धत घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया तितका बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान आणि घनता जुळली की मासा कपाने उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

महिनाभर निरीक्षण करा. पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध याच टँकमध्ये द्यायचं. साध्या कॉपर सल्फेटसाठी ०.१५ ते ०.२० पीपीएम, आणि टेस्ट किटने रोज मोजायचं. चिलेटेड औषधाची मात्रा वेगळी असते, ती बाटलीवर बघा. मुख्य टँकमध्ये तांबं कधीही नको: कोळंबी आणि गोगलगायी मरतात आणि वाळू-दगड ते शोषून घेतात. ठिपके मुख्य टँकमध्ये पोहोचलेच तर सगळे मासे बाहेर काढून तो अडीच महिने बिनमाशांचा चालवावा लागतो. क्वारंटाइनचा कंटाळा आला की हा हिशेब करून बघा.

सोडण्याचा क्रम

सर्वांत भित्रा आधी, सर्वांत हट्टी शेवटी. आपल्या यादीत आधी फायरफिश, मग वॉचमन गोबी, मग ब्लेनी, आणि क्लाउनची जोडी सगळ्यांच्या शेवटी. दोन खेपांत दोन ते तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, कारण प्रत्येक नव्या माशाबरोबर बॅक्टेरियांना वाढायला वेळ लागतो. उलट क्रम लावला आणि क्लाउन आधी घातले, तर फायरफिश पंपाच्या मागेच दिवस काढतो. सोडताना लाइट बंद, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी दोन दगड हलवून ठेवा. सगळ्यांची घरं एकदम बदलली की जुना हक्क थोडा ढिला होतो.

उन्हाळा

तापमान २५ ते २७ अंश. २८ सोसतं, ३० च्या वर पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत पाण्यावर लावलेला छोटा पंखा ३-४ अंश उतरवतो. मुंबई-कोकणात हवेतच दमटपणा असल्याने एक-दोन अंशांवर समाधान मानावं लागतं, तिथे १/१० एचपीचा चिलर हवा. पंख्याने रोज दीड लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस भरपाई राहिली, तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता ३७ च्या वर जाते. मीठ उडत नाही, म्हणून भरपाई नेहमी आरओच्या गोड्या पाण्याने. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप लावून ठेवा. चार माशांचा टँक त्यावर रात्र काढतो, आठ माशांचा काढेलच असं नाही.

खाणं, आणि भांडण झालंच तर

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दाण्यासोबत आठवड्यातून तीन-चार वेळा गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). बाजारातला ताजा जवळा गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, पातळ थरात गोठवून, बारीक चिरून दिला तर क्लाउन आणि कार्डिनल आवडीने खातात. सुका जवळा नको, त्यात वाळू असते आणि लहान तोंडाला तो कडक पडतो. गोबीसाठी ड्रॉपरने थेट बिळाच्या तोंडाशी सोडा, वरून टाकलेलं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, म्हणजे ७ लिटर.

एखाद्याचे पर फाटलेले दिसले तर मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला बाहेर काढा. जाळीने पाठलाग केला तर सगळे दगड उपसावे लागतात. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत खोचा, आत जवळा ठेवा आणि सकाळचं खाणं चुकवा. हावरा मासा तासाभरात आत जातो. त्याला भोकं पाडलेल्या डब्यात त्याच टँकमध्ये आठवडाभर टांगून ठेवा. तेवढ्यात बाकीचे आपापल्या जागा धरतात. सोडल्यावरही तेच चाललं तर दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला तरी द्या. खाडीत किंवा समुद्रात सोडू नका: अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आज जो लायनफिशचा सुळसुळाट आहे, त्याची सुरुवात टँकमधून सोडलेल्या माशांपासून झाली असं मानलं जातं.